ब्लॉकची टोकं जुळत का नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या क्विल्टिंगच्या वर्गातल्या बायका, त्यांच्या परदेशात राहणाऱ्या बहिणी-नणंदा आणि व्हिडिओ बघून घरीच शिकणाऱ्या काही जणी मला ब्लॉकचे, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या क्विल्टच्या चौकोनांचे, फोटो पाठवतात. फोटोत एका कोपऱ्याभोवती लाल गोल असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई, हे बघा ना." त्या लाल गोलांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळी मापं इंचात आणि सुतात आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच.

१. टोकं जुळायला हवीत म्हणजे नक्की काय जुळायला हवं?

दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे चौफुली: चार चौकोन एका बिंदूत भेटतात, तिथे उभी आणि आडवी शिवण सरळ रेषेत पुढे जायला हवी. दुसरी म्हणजे त्रिकोणाचं टोक. ते शेजारच्या शिवणीला नेमकं टेकायला हवं, शिवणीखाली गडप होऊ नये आणि अलीकडेही थांबू नये. न जोडलेल्या तुकड्यावर हे टोक कापलेल्या कडेपासून पाव इंच आत दिसतं. नवशिकी मुलगी ते बघून म्हणते, "टोक कडेला पोचलंच नाही." ते पोचायचं नसतंच. तो पाव इंच उद्या शिवणीत जाणार आहे.

२. मी अगदी काटेकोर कापते, तरी ब्लॉक लहान का होतो?

कारण कापताना चूक होत नाही, शिवताना होते. समजा, माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारं कापड, दोन सुतांऐवजी अडीच सूत घेतली. डोळ्याला हा फरक कळतही नाही. पण प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचा अर्धा-अर्धा सूत जातो, म्हणजे एक सूत. ओळीत आठ चौकोन असतील तर शिवणी सात, म्हणजे सात सूत गेले. पाऊण इंचाहून जास्त! शेजारच्या ओळीत शिवणी चारच असतील तर ती चारच सूत आखडते. मग दोन ओळींची टोकं जुळणार कशी?

मशीनला हात लावण्याआधी ही चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी-शेजारी शिवा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि पूर्ण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. मधली पट्टी एक इंचापेक्षा कमी असेल तर माया जास्त जातेय, जास्त असेल तर कमी जातेय. मला आलेल्या फोटोंपैकी बऱ्याच फोटोंचं उत्तर या तीन पट्ट्यांत असतं. पण ही चाचणी कंटाळवाणी आहे, म्हणून ती कुणी करत नाही. मीही पहिल्या वर्षी केली नव्हती.

३. व्हिडिओत "स्कँट पाव इंच" म्हणतात. म्हणजे किती?

पाव इंचाला एखाद-दोन धागे कमी. शिवण दाबली की कापड टाक्यावरून वळतं, आणि त्या वळणात थोडी जाडी खर्च होते. ती भरून काढायला माया किंचित कमी घ्यायची. किती कमी, ते तुमचं कापड आणि दोरा ठरवतो. मलमलला जवळपास काहीच नाही, जाड खादीला दोन धागे. जाड दोराही जागा खातो. ब्लॉक जोडायला बारीक सुती दोरा घ्या आणि टाक्याची लांबी २ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. आकड्यात उत्तर हवं असेल तर पुन्हा वरची चाचणीच करायची.

४. माझ्या मशीनला पाव इंचाचं फूट (कापड दाबून धरणारा पाय) मिळत नाही. मग?

नसलं तरी अडत नाही. पारदर्शक पट्टी फूटखाली ठेवा, चाक हाताने फिरवून सुई पाव इंचाच्या रेघेवर हलकेच टेकवा आणि पट्टीच्या कडेला लागून मशीनच्या पाटावर मास्किंग टेपचे चार-पाच थर चिकटवा. त्या थरांची उभी भिंत कापडाला अडवते. नुसती खूण काढली तर नजर हटते, भिंत असली की हटत नाही.

मापायला शिंप्याची टेप वापरू नका. वर्षानुवर्षं ओढून ती लांबलेली असते.

घरात आजीचं काळं पायमशीन असेल तर ते अडगळीत टाकू नका. ते फक्त सरळ टाका घालतं, त्यामुळे सुईखालच्या पत्र्याला एकच बारीक गोल भोक असतं. झिगझॅग मशीनला लांबट फट असते. त्रिकोणाचं निमुळतं टोक त्या फटीत सुईबरोबर खाली खेचलं जातं आणि तिथेच टोक बिघडतं. झिगझॅग मशीनच वापरायचं असेल तर आधी एका चिंधीवर शिवण सुरू करा आणि न थांबता खऱ्या तुकड्यावर जा.

५. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) घ्यावाच लागतो का? कात्रीने होत नाही?

होतं, फक्त पद्धत बदलते. कटरने कापलं तर कापलेली कड हाच तुमचा संदर्भ असतो. कात्रीने कापलं तर शिवणीची रेघ हा संदर्भ. जाड पुठ्ठ्याचा, माया न धरता पूर्ण झालेल्या मापाचा साचा करा. कापडाच्या उलट्या बाजूला त्याच्याभोवती टोकदार पेन्सिल फिरवा आणि बाहेर अंदाजे पाव इंच सोडून कापा. मग कड वेडीवाकडी असली तरी फरक पडत नाही. टाचणी रेघेच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात घालायची आणि रेघेवरून शिवायचं. हातशिलाईवाल्यांची ही जुनी पद्धत आहे आणि टोकांच्या बाबतीत ती मशीनला हार जात नाही.

कटर वापरत असाल तर एका क्विल्टला एकच पट्टी. माझ्या पहिल्या क्विल्टसाठी मी चौकोन एका पट्टीने कापले आणि त्रिकोण दुसरीने. एकीची रेघ बारीक होती, दुसरीची जाड. मी कधी रेघेच्या आतून मापलं, कधी बाहेरून. वीस चांदण्या शिवून झाल्यावर ते लक्षात आलं. आणि कापताना खाली ठेवायच्या मॅटवरच्या रेघांवर कधीच मापू नका, पट्टीवरच मापा. एका वेळी चारपेक्षा जास्त घड्या कापू नका, खालची घडी सरकते.

६. शिवणी एकमेकींत "बसवायच्या" म्हणजे काय करायचं?

इंग्रजीत याला नेस्टिंग म्हणतात. चौफुली जुळवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. पहिल्या ओळीतली सगळी माया उजवीकडे पाडून इस्त्री करा, दुसऱ्या ओळीतली डावीकडे. दोन्ही ओळी सुलट बाजू आत ठेवून एकमेकींवर घ्या. जिथे शिवणी भेटतात तिथे एका बाजूला वरचा उंचवटा असतो, दुसऱ्या बाजूला खालचा.

आता डोळ्याने बघू नका. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती जागा धरा आणि वरचं कापड किंचित पुढे-मागे सरकवा. सरकताना खड्डा किंवा दुहेरी गाठ जाणवते. एका क्षणी दोन्ही उंचवटे एकमेकांना भिडतात, सरकणं थांबतं आणि चिमटीखाली सगळं सपाट लागतं. तिथेच धरून ठेवा.

शिवायला घालताना वरच्या ओळीची माया सुईच्या दिशेने, म्हणजे तुमच्यापासून लांब वळलेली असू द्या. फूट तिला मागे रेटतं आणि ती खालच्या उंचवट्यावर आणखी घट्ट बसते. उलट दिशेला असली तर फूट दोघींना एकमेकींपासून दूर करतं.

७. माया एका बाजूला पाडायची की मधून उघडायची?

चौकोनांना एका बाजूला, नाहीतर प्रश्न ६ मधली युक्ती चालत नाही. जिथे एका बिंदूत सहा-आठ तुकडे येतात तिथे उघडलेली बरी, जाडी वाटली जाते. पण उघडलेल्या शिवणी एकमेकींना अडकत नाहीत, मग टाचणीवाचून गत्यंतर नाही. आणि नंतर शिवणीच्या खाचेतूनच क्विल्टिंग, म्हणजे सगळे थर एकत्र शिवायचा, बेत असेल तर उघडू नका. त्या खाचेत कापड नसतं, नुसते टाके असतात.

८. टाचण्या लावते, तरी शिवल्यावर टोक सरकतं. कुठे चुकतं?

टाचणी तिरकी घालण्यात. तिरकी टाचणी दोन थर जोडताना त्यांना सरकवतेही. त्याऐवजी असं करा. एक टाचणी वरच्या तुकड्याच्या टोकात उलट्या बाजूने घाला आणि सुलट बाजूने नेमकी टोकातून बाहेर आली का बघा. मग तीच खालच्या तुकड्याच्या टोकात सुलट बाजूने घाला. दोन्ही कापडं एकमेकांवर दाबा. टाचणी आता खांबासारखी सरळ उभी असेल. तिला आडवी पाडून अडकवायची नाही, उभीच राहू द्यायची. तिच्या दोन्ही बाजूंना, जवळात जवळ, एकेक टाचणी नेहमीसारखी लावा आणि मगच उभी टाचणी काढा.

जाड डोक्याच्या टाचण्या यासाठी नकोत, पातळ घ्या. सुईखाली येण्याआधी टाचणी काढायची, पण अगदी शेवटच्या क्षणी. टाचण्यांचा फारच वैताग असेल तर मायेच्या आत, शिवणीच्या रेघेपासून दूर, धुतल्यावर निघणाऱ्या शाळेच्या गोंदाचा मोहरीएवढा ठिपका द्या आणि कोरडी इस्त्री टेकवा. लाकडाला लावायचा पांढरा गोंद मात्र नाही.

९. चांदणीचं टोक दरवेळी कापलं जातं. का?

आठ इंचाची सॉटूथ चांदणी घेऊ, कारण सगळ्यात जास्त फोटो तिचेच येतात. मध्ये चार इंचाचा चौकोन, चार बाजूंना दोन बाय चार इंचाचे फ्लाइंग गीज (मोठ्या त्रिकोणाच्या दोन बाजूंना छोटे त्रिकोण जोडलेले आयत), चार कोपऱ्यांत दोन इंचाचे चौकोन. गीजमधल्या मोठ्या त्रिकोणाचं टोक मधल्या चौकोनाला टेकायला हवं.

गीज उलटा करून बघा. त्या टोकापाशी दोन तिरक्या शिवणी एकमेकींना छेदतात आणि टाक्यांची फुली दिसते. हीच निशाणी. चौकोनाला जोडताना गीज नेहमी वर ठेवा, म्हणजे फुली नजरेसमोर राहील, आणि तिच्या मधोमध न शिवता एक धागा कडेच्या बाजूने शिवा. तो एक धागा म्हणजे कापड वळायला लागणारी जागा.

फुली पाव इंचाच्या रेघेवर आलीच नाही तर? तर फुलीचं ऐका, मायेचं नाही. त्या ठिकाणी माया थोडी बदलली तर क्विल्टला काही होत नाही. पण फुली एक सूतभर हलली असेल तर दोष आधीच्या टप्प्यात आहे. प्रश्न १० पाहा.

१०. अर्धे त्रिकोण आणि गीज मापात येतच नाहीत. कापायचं माप काय घेऊ?

दोन चौकोन एकत्र शिवून तिरके कापून जे दोन-रंगी चौकोन मिळतात, त्यांचं नेमकं माप म्हणजे पूर्ण झालेलं माप अधिक सात सूत. दोन इंचासाठी दोन इंच सात सूत. मी मात्र सरळ तीन इंच कापते आणि शिवून, इस्त्री करून अडीच इंचाला छाटते. पट्टीवरची ४५ अंशाची रेघ शिवणीवर ठेवायची आणि चारी बाजू छाटायच्या. कापड थोडं वाया जातं, पण सूतभर चुकायची मुभा मिळते.

गीज चार एकदम करायचे असतील तर एक मोठा चौकोन, रुंदी अधिक सव्वा इंच, आणि चार छोटे, उंची अधिक सात सूत. वरच्या चांदणीसाठी मोठा सव्वापाच इंच आणि छोटे दोन इंच सात सूत. थोडे मोठे कापून अडीच बाय साडेचारला छाटलेत तर आणखी चांगलं. छाटताना टोकाच्या वर पाव इंच राहिलाच पाहिजे. घाईत सगळ्यात जास्त टोकं इथेच कापली जातात, शिवताना नाही.

११. त्रिकोण इस्त्रीनंतर वाकडे होतात.

उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, कड आहे ती. कापड उभ्या धाग्यात सगळ्यात कमी ताणतं, आडव्यात थोडं, उरेबात रबरासारखं. कापण्याआधी कापडाला खळ द्या, घरची साबुदाण्याची पातळ खळही चालते. इस्त्री सरकवायची नाही, उचलून टेकवायची. आधी शिवण मिटलेली असताना एकदा दाबा, म्हणजे टाके कापडात बसतात, मग उघडून दाबा. वाफ शेवटी, किंवा नकोच.

१२. दोन ओळी एक-दोन सुतांनी कमी-जास्त आहेत. ओढून जुळवू?

एका सुतापर्यंत चालतं. जास्त लांब ओळ खाली ठेवा. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात आणि जास्तीचं आपोआप मावतं. आधी दोन्ही टोकं आणि सगळ्या चौफुल्या टाचा, उरलेला झोळ त्यांच्या मध्ये वाटा. एका सुतापेक्षा जास्त फरक असेल तर ओढाताण करू नका. कुठली ओळ चुकली ते आधी मापून बघा. प्रत्येक तुकडा जोडल्यावर लगेच मापायची सवय असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

१३. भिरभिऱ्याच्या मध्ये डोंगर होतो, टोकंही नीट बसत नाहीत.

भिरभिऱ्यात आठ त्रिकोण एका बिंदूत येतात. चारी दोन-रंगी चौकोनांची माया गडद कापडाकडे पाडा. मग जोडताना तिरक्या शिवणी एकमेकींत बसतात. दोन-दोनच्या जोड्या करा, त्यांचीही माया गडदकडेच. शेवटची मधली शिवण घालताना फुली वर ठेवा, प्रश्न ९ प्रमाणे.

आता डोंगर. ब्लॉक उलटा करा. मधोमध, शेवटच्या शिवणीच्या अलीकडे-पलीकडे मायेच्या आतच उभ्या शिवणीचे दोन-तीन टाके असतात. तेवढेच उसवा, शेवटच्या शिवणीला धक्का न लावता. बोटाने मध्यावर दाबून थोडं फिरवलं की चारी माया एकाच दिशेने पंख्यासारख्या पडतात आणि मध्ये एक इवलंसं भिरभिरं उघडतं. ते पहिल्यांदा उघडलं की वर्गात हमखास कुणीतरी "अगं बाई" म्हणतं. मग इस्त्री टेकवा. साठलेले थर पसरतात, डोंगर बसतो.

१४. आठ हिऱ्यांची चांदणी जमेल का?

जमेल, पण पहिल्या महिन्यात नको. हिऱ्याच्या दोन हातांमध्ये चौकोन बसवताना तीन शिवणी एका बिंदूत येतात, त्यांना वाय शिवण म्हणतात. तिथे शिवण कडेपर्यंत न्यायची नाही. कडेपासून पाव इंचावर ठिपका काढून नेमकं तिथे थांबायचं आणि दोन टाके मागे घ्यायचे. एक टाका जरी पुढे गेला तरी चुणी पडते. हाताने हे जास्त सोपं जातं, खरं सांगते.

१५. कागदावर शिवलं तर टोकं आपोआप जुळतात म्हणे?

ब्लॉकच्या आतली, हो. छापलेल्या रेघेवरच टाका पडतो, त्यामुळे सुईसारखी टोकंही येतात. टाका दीड मिलिमीटरचा ठेवा, म्हणजे कागद सहज फाटतो. पण दोन ब्लॉक एकमेकांना जोडताना प्रश्न ८ मधली उभी टाचणी लागतेच. त्या जोडणीचे टाके पडेपर्यंत कागद काढू नका.

१६. ब्लॉक कोपऱ्यावर उभे लावले, तर कडेची टोकं सगळी कापली गेली.

कडेचे त्रिकोण लहान पडले असणार. बाजूच्या त्रिकोणांसाठी ब्लॉकचं माप गुणिले १.४१४, अधिक सव्वा इंच, एवढा चौकोन कापून दोन्ही कर्णांवर चार तुकडे करायचे. चार कोपऱ्यांसाठी माप भागिले १.४१४, अधिक सात सूत, असे दोन चौकोन, प्रत्येकी एकाच कर्णावर कापायचे. बारा इंची ब्लॉकला हे येतं सव्वाअठरा इंच आणि नऊ इंच तीन सूत. अशा कापण्याने क्विल्टची बाहेरची कड उरेब न राहता सरळ धाग्यात येते. शेवटी कडा सरळ करताना ब्लॉकच्या टोकापासून बाहेर पाव इंच मोजून छाटा.

१७. जुन्या साड्या, खण, इरकल वापरून होईल का? आजीच्या गोधडीत तर टोकं जुळवायची भानगडच नव्हती.

नव्हतीच. गोधडीत तुकडा वर ठेवतात, कड आत दुमडतात आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालतात. तुकड्यांनी एकमेकांशी जुळायची गरजच नसते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हीही तशीच, कडेकडून मध्याकडे चढत जाते. ब्लॉकचं क्विल्ट हा वेगळा खेळ आहे, त्यात तुकडा तुकड्याला जोडतात. त्यामुळे गोधडी शिवणाऱ्या हाताला आधी ही मोजमापं जाचक वाटतात.

साड्या चालतील. आधी धुवा, कारण आकसणं आणि रंग जाणं दोन्ही टोकांची वाट लावतं. मऊ, झिजलेल्या सुती साडीला भरपूर खळ द्या. रेशमी असेल तर मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर लावून मगच कापा. खणाचं जाड कापड आणि मलमल एका ब्लॉकमध्ये आणायचं टाळा, जाड बाजू पातळ बाजूला ढकलते.

१८. मी जर्मनीत आहे, सगळं सेंटिमीटरमध्ये. मापं बदलून घेऊ?

नको. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तुम्ही ६ धराल, कधी ७ धराल आणि प्रश्न २ मधली गोष्ट सुरू होईल. नमुना इंचात असेल तर इंचाची पट्टी घ्या, सेंटिमीटरमध्ये असेल तर त्याने सांगितलेली माया घ्या.

१९. शिवून झाल्यावर टोक चुकलेलं दिसलं. उसवू की राहू देऊ?

ब्लॉक भिंतीला टाचा आणि चार पावलं मागे जा. तिथून दिसत नसेल तर राहू द्या. फिक्या आणि गडद रंगाच्या सीमेवरची चूक दिसते, दोन फुलाफुलांच्या कापडांमधली दिसत नाही.

दिसत असेल तर पूर्ण शिवण उसवू नका. चुकलेल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना इंचभर, दर तिसरा-चौथा टाका कापून तेवढाच भाग उघडा. दोऱ्याची टोकं वेचा, उभी टाचणी घाला आणि आधीच्या शिवणीवर अर्धा इंच चढवून पुन्हा शिवा. दुसऱ्यांदाही चुकलं तर तिसऱ्यांदा तीच जागा उसवू नका, तोवर माया विरलेली असते. तो तुकडा बदला.